साहेबाची समाधी

बुधवारी संध्याकाळी फ्रीजमिस्त्री कामावरून परतला, तेव्हा स्वतःच्या घरात शिरायला त्याला वाट मिळेना. जिन्याच्या वळणापासून दारापर्यंत चपला होत्या आणि दारापासून हॉलच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत माणसं. उंबऱ्यातच वरच्या मजल्यावरच्या काकू मांडी ठोकून बसल्या होत्या.

"जरा सरकता का?" मिस्त्री म्हणाला.

"मागून या, मागून," काकू मान न वळवता म्हणाल्या. मग वळवली. "अगबाई, तुम्ही होय. या ना, घर तुमचंच आहे."

हत्यारांची पेटी डोक्यावर धरून, भिंतीला पाठ घासत तो आत सरकला. बाहेर दिवसभराच्या उन्हाने भिंती अजून तापलेल्या होत्या आणि आत मात्र छान गारठा होता. भिंतीवरचा एसी मंद सुरात घुमत होता. जमलेल्या पंचवीस-तीस माणसांपैकी किती श्रद्धेपोटी आली होती आणि किती एसीसाठी, हे सांगणं कठीण होतं.

कोचावर, म्हणजे मिस्त्री एरवी जिथे लवंडतो त्या जागी, मौनीदादा बसले होते. अंगावर जाड लोकरी शाल आणि शालीच्या आत, मांडीवर, मिस्त्रीच्या मुलीचं कासव. दादांनी पूर्वी कधीतरी अकरा महिने मौन पाळलं होतं, त्यावरून हे नाव पडलेलं. त्या अकरा महिन्यांत आत तुंबलेलं सगळं ते आता मोकळं करत होते.

"डोकं आत घेतलंय म्हणजे काय केलंय याने?" दादा विचारत होते. "तुम्ही म्हणता आजारी पडलंय. अरे, ते आत बघतंय. आपण जन्मभर बाहेर बघून बघून डोळे अधू करून घेतले. याच्या ध्यानाची चौथी पातळी चालू आहे. पाचव्या पातळीला कवच काचेसारखं पारदर्शक होतं. मी एकदाच पाहिलंय."

"आतलं सगळं दिसतं?" तळमजल्यावरच्या शिंप्याने विचारलं.

"ज्याला दिसायचं त्याला दिसतं."

शिंप्याने समजल्यासारखी मान हलवली. ज्याला दिसायचं त्यात आपण येतो की नाही, हे विचारायचा धीर त्याला झाला नाही.

अर्ध्या तासाने दादांनी शाल दूर केली. कासवाचे चारही पाय बाहेर आले होते, मान लांब झाली होती आणि ते डोळे मिचकावत गर्दीकडे बघत होतं. टाकीत सोळा दिवस नखही न हलवलेलं कासव ते. हॉलभर एक सुस्कारा फिरला. मिस्त्रीची आई पहिल्या रांगेत खुर्चीवर होती, तिने हात जोडले.

समोरच्या टेबलावर दादांचं जाड रेशमी आसन अंथरलेलं होतं. त्यावर त्यांनी पितळी परात ठेवली. परातीच्या मधून पांढरी रेघ गेलेली; एका बाजूला 'हो' रंगवलेलं, दुसऱ्या बाजूला 'नाही'. दिशा जुळायला हव्यात म्हणून दादांनी परात थोडी फिरवली आणि कासव बरोबर रेघेवर ठेवलं.

"शिंप्याचा मुलगा या खेपेला पास होईल का?"

कासवाने विचार केला. निदान तसं वाटलं. मग ते हळूहळू 'हो'च्या बाजूला चालत गेलं आणि तिथे पोट टेकून बसलं. शिंप्याचे डोळे भरून आले.

दादांनी पुन्हा दिशा जुळवल्या. "काकूंनी घर विकावं का?"

कासव 'नाही'कडे गेलं. काकूंनी घर विकायचं मनातही आणलं नव्हतं, त्यामुळे हे उत्तर तर त्यांना फारच पटलं.

"मी पैशाला हात लावत नाही, हे तुम्ही जाणता," शेवटी दादा म्हणाले. "मला काही नको. पण हा जीव संसारात फार दिवस राहणार नाही. रविवारी मी यालाच विचारेन, माझ्याबरोबर आश्रमात येतोस का. हो म्हणाला तर घेऊन जाईन. नाही म्हणाला तर राहील इथेच. जबरदस्ती नाही."

स्वयंपाकघराच्या दारात मिस्त्रीची दहा वर्षांची मुलगी उभी होती. ती म्हणाली, "त्याने सोळा दिवस काही खाल्लं नाहीये."

"ज्याचं पोट ज्ञानाने भरलं, त्याला दाणे कशाला, बाळ?" दादा म्हणाले. लोक कौतुकाने हसले. मुलगी हसली नाही.

दादा गेले, कासव पुन्हा टाकीत ठेवलं आणि घरातली जेवणं उरकेपर्यंत ते पुन्हा दगडासारखं पडलं.

कासवाचं नाव साहेब. मुलीनेच ठेवलेलं. उशिरा उठायचं, मान वर करून सगळ्यांकडे एकदा नाराजीने बघायचं, खायचं आणि पुन्हा काही करायचं नाही, या वागणुकीवरून. तीन वर्षं साहेबाची टाकी हॉलच्या खिडकीत होती. सकाळचं ऊन आलं की तो दगडावर चढून पाय ताणून पडायचा, आणि मुलगी शाळेतून आली की काचेवर धडका देऊन दाणे मागायचा.

त्याच खिडकीवर मिस्त्रीचा डोळा गेला तो आईमुळे. चार वर्षं उन्हाळ्यात आईला झोप येत नव्हती. गोळ्या झाल्या, काढे झाले. शेवटी मिस्त्रीने दोन मेलेल्या मशीनचे भाग जुळवून एक जिवंत एसी तयार केला. बाहेरचं युनिट खिडकीत बसलं, उरलेली फट पत्रा आणि प्लायवूड ठोकून बंद झाली, आणि साहेबाची टाकी एसीच्या बरोबर खालच्या कोपऱ्यात गेली. आपल्या हातचं मशीन किती गार करतं हे इमारतीला दिसावं, म्हणून मिस्त्रीने ते अठरावर लावलं आणि अठरावरच ठेवलं. पहिल्याच रात्री आई हॉलमधल्या पलंगावर सलग सात तास झोपली.

त्याच आठवड्यात साहेब गप्प झाला. आधी दाणे सोडले, मग दगडावर चढणं सोडलं, मग डोळे उघडणं.

आईने ही गोष्ट काकूंना सांगितली, काकूंनी दादांना सांगितली आणि दादांनी क्षणात निदान केलं: साहेबाने आईचं जागरण स्वतःच्या अंगावर घेतलं आहे.

"अहो," मिस्त्रीची बायको त्या रात्री भांडी पुसता पुसता म्हणाली, "लेक रोज पाटीवर दिवस मांडतेय. तुम्ही काही करणार आहात की तुम्हीपण चौथ्या पातळीवर आहात?"

"आई ऐकायची नाही."

"आईंना कोण सांगायला सांगतंय? कासवाचं बघा."

शुक्रवारी मिस्त्रीला जनावरांच्या दवाखान्यातून बोलावणं आलं. लसींचा फ्रीज बिघडला होता. डॉक्टरीणबाई एका बोक्याच्या कानात थेंब घालत होत्या, बोका त्यांना शिव्या दिल्यासारखा ओरडत होता आणि मिस्त्री बंदुकीसारखं दिसणारं थर्मामीटर फ्रीजच्या आत रोखून उभा होता.

"चौदा दाखवतंय," तो म्हणाला. "लसींना दोन ते आठ हवं. नशीब लवकर बोलावलंत."

"तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. मी नुसता हात घालून बघत होते."

"हाताला काय कळतंय, मॅडम. मोजायला पाहिजे." मग जाता जाता सहज विचारावं तसं त्याने विचारलं, "घरी कासव आहे. अठरा दिवस खात नाही, हलत नाही. काय असेल?"

"पाण्याचं तापमान किती आहे?"

मिस्त्रीने उत्तरासाठी तोंड उघडलं आणि मग खाली पाहिलं. थर्मामीटर त्याच्या हातात होतं.

"मोजलं नाही," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. हे मिस्त्रीला जास्त लागलं. "टाकी कुठे ठेवलीये?"

त्याने सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज लहान होत गेला.

"कासवाला आपल्यासारखी अंगात ऊब तयार करता येत नाही," बाई म्हणाल्या. "बाहेर जेवढी, तेवढीच आत. पाणी गार पडलं की त्याचं पोट काम करेनासं होतं. म्हणून ते खात नाही. पाय हलत नाहीत, म्हणून ते पडून राहतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर कंप्रेसर बंद पडला."

"कंप्रेसर बंद पडला तर गरम होतं, मॅडम."

"बरं, उलटं समजा. पाणी सव्वीसच्या आसपास हवं आणि वर बसायला एक कोरडी, त्याहून उबदार जागा. ऊन थेट, काचेतून नाही. पण एकदम तापवू नका, हळूहळू. तोंडात काही कोंबू नका. आणि घेऊन या, एवढे दिवस गारठ्यात राहिलं की छातीत कफ धरतो."

"आई बाहेर काढू देत नाही. समाधी म्हणते. एक मौनीदादा येतात, ते त्याला शालीत घेतात आणि ते उठून चालायला लागतं."

बाईंनी बोक्याला सोडलं. "शालीत किती वेळ घेतात?"

"अर्धा तास."

"मग शालीत काय आहे ते बघा. मला इथून दिसत नाही." त्या हात धुवायला गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "मागच्या महिन्यात एक बाई रडत आल्या होत्या. कासव त्याच दादांना दिलेलं. भेटायला आश्रमात गेल्या तर सांगितलं, मुक्त झालं. दिवसातून चारदा गरम करायचं, चारदा गार पडू द्यायचं आणि खायला द्यायचं नाही. मुक्त न होऊन सांगतं कोणाला?"

मिस्त्री घरी आला तो थेट कोपऱ्यात गेला आणि टाकीवर थर्मामीटर धरलं. सतरा. त्याने वर एसीकडे पाहिलं. मशीन उत्तम चालत होतं. अडचण तीच होती.

"आई, हे मी केलंय," तो म्हणाला. "कासवाला थंडी वाजतेय. टाकी इथून हलवू दे."

आई टाकीशेजारी खुर्ची टाकून बसली होती. "हात लावू नकोस."

"अगं, मरेल ते."

"चार वर्षं मी रात्ररात्र छत बघत काढली," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तुम्ही सगळे घोरत होतात. पंखा किती वेळा किरकिर करतो तेसुद्धा मला पाठ झालं होतं. ते कासव गप्प झालं आणि मला झोप लागायला लागली. तू त्याला उठवणार. आणि मग मी?"

मिस्त्रीने आजवर आईला भोळी समजलं होतं. ती भोळी नव्हती. घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो, त्याला काहीतरी दाखवावं लागतं, हे गिऱ्हाइकांशी वीस वर्षं बोलून त्याला ठाऊक होतं.

त्याने मुलीला गच्चीत नेलं आणि सगळं सांगितलं. तिने दोनच प्रश्न विचारले. "म्हणजे तो झोपलेला नाहीये, गारठलाय?" आणि "एसी सव्वीसवर ठेवला तर आजीला झोप लागेल?"

"लागायला हवी. पण लागेल की नाही ते बघूनच कळेल."

त्याच संध्याकाळी एसी सव्वीसवर गेला. रिमोटवरचे आकडे केव्हाचे उमटत नव्हते, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. मुलीने टाकीवर तिन्ही बाजूंनी जाड चादर टाकली आणि आजीला सांगितलं, समाधीला वारा लागू नये म्हणून. आजीला नातीचं फार कौतुक वाटलं.

शनिवारी सकाळी साहेबाने एक पाय बाहेर काढला. दुपारी डोळे उघडले. मुलीने चादरीखाली डोकं घालून ते पाहिलं, पाटीवर वेळेसकट मांडलं आणि आजीला विचारलं, "आजी, काल रात्री झोप लागली?"

"लागली की. छान लागली."

तेही तिने मांडलं.

रविवारी गर्दी जिन्यावरून खाली अंगणात उतरली. मौनीदादा आले, कापडी पिशवी आणि थर्मास घेऊन हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले आणि हातपाय धुवायला लागतो त्याहून बराच वेळ आत राहिले. मग कोच, शाल, कासव, अर्धा तास. आज विषय त्यागाचा होता. दादांनी आयुष्यात काय काय त्यागलं याची यादी चालू असताना मिस्त्री दाराशी उभा होता आणि त्याची मुलगी त्याच्या शर्टाचं टोक घट्ट धरून होती.

आसनावर परात आली. दिशा जुळल्या. साहेब रेघेवर बसला.

"येतोस का माझ्याबरोबर?" दादांनी मायेने विचारलं.

साहेबाने मान फिरवली, दोन्ही बाजू पाहिल्या आणि पाय ओढत 'हो'वर जाऊन बसला. लोकांनी हात जोडले. दादांनी पिशवीतून एक टोपली काढली.

"दादा, एकदा परत विचारू या," मिस्त्री म्हणाला.

"दिलेलं उत्तर पुन्हा मागणं म्हणजे अविश्वास."

"खरं असेल तर परत तेच येईल ना."

"ते बरोबर आहे," शिंपी मध्येच म्हणाला. "मीसुद्धा माप दोनदा घेतो." गर्दीतून दोघा-तिघांनी मान हलवली, आणि दादांना हात आवरता घ्यावा लागला.

मिस्त्री पुढे झाला. आसनाला त्याने हात लावला नाही. फक्त परात, कासवासकट, अलगद अर्धी फिरवली. आता 'हो' डावीकडे गेलं आणि 'नाही' उजवीकडे आलं.

"दोन मिनिटं थांबू," तो म्हणाला. "धातूला वेळ लागतो."

धातूला कशासाठी वेळ लागतो हे कोणाला कळलं नाही, पण सगळे थांबले. दादांनीही बऱ्याच वर्षांनी मौन पाळलं. साहेब थोडा वेळ 'हो'वर बसून राहिला. मग त्याने मान उजवीकडे वळवली, उठला, रेघ ओलांडली आणि 'नाही'वर जाऊन पोट टेकलं.

"मत बदललं," शिंपी म्हणाला.

मिस्त्रीने परात पुन्हा अर्धी फिरवली. पुन्हा दोन मिनिटं. साहेब पुन्हा 'हो'वर गेला.

"हे माझ्या मोठ्या जावेसारखंच आहे," काकू म्हणाल्या.

"बाबा, आता बास," मुलगी म्हणाली. "तो दमलाय." तिने साहेबाला उचललं आणि मऊ फडक्यात गुंडाळलं. तिला कोणी अडवलं नाही, कारण मिस्त्रीने थर्मामीटर काढलं होतं आणि सगळे तिकडे बघत होते.

"हे कसलं शस्त्र?" दादांनी विचारलं.

"फ्रीज तपासायचं आहे, दादा. शिंपी, तुम्ही वाचा, माझ्यावर नको विश्वास." त्याने ते परातीच्या डाव्या बाजूवर रोखलं.

"पंचवीस," शिंप्याने वाचलं.

उजव्या बाजूवर.

"छत्तीस."

मिस्त्रीने परात बाजूला ठेवली आणि आसनाची उजवी कड उचलली. आतून एक लाल रबरी पिशवी घसरून टेबलावर पडली. कंबर शेकायची, गरम पाण्याची, प्रत्येकाच्या घरी असते तशी. पडताना तिने डुबुक असा आवाज केला.

काकूंनी विचारलं, "आणि शालीत?"

दादांनी शाल अंगाशी आवळली. त्यामुळे शालीतली दुसरी पिशवी आपोआप ठळक दिसली.

"माझ्या पाठीचं दुखणं जुनं आहे," दादा म्हणाले.

"पाठीचं दुखणं आसनालाही आहे?" शिंप्याने विचारलं. त्याचा आवाज शांत होता, पण बुधवारी भरून आलेले डोळे आज कोरडे होते.

"अविश्वासाच्या घरात ऊर्जा टिकत नाही," दादा उठत म्हणाले.

"खरंय," मिस्त्री म्हणाला. "खिडकीची फट नीट बुजली नसावी."

दादा टोपली घेऊन निघाले. जिन्यावर स्वतःच्या चपला शोधायला त्यांना वेळ लागला, आणि तेवढ्यात काकूंनी त्यांना वरून विचारलं की याआधी आश्रमात नेलेली दोन कासवं कुठे आहेत. दादा चपला हातात घेऊनच जिना उतरले.

हॉलमध्ये मिस्त्रीने सगळ्यांसमोर सांगितलं. कासव ऊब शोधतं, जिथे ऊब तिथे जातं. त्याला हो-नाही वाचता येत नाही, परीक्षा ठाऊक नाहीत, घर विकणं ठाऊक नाही. दादा त्याला शालीत तापवायचे आणि हवं ते उत्तर पिशवीच्या बाजूला फिरवून ठेवायचे. "पण त्याला गारठवलं दादांनी नाही," तो म्हणाला. "ते मी केलं. खिडकीतून काढून एसीखाली ठेवलं. रोज दहा घरांची तापमानं मोजतो आणि हे मोजलं नाही."

आई खुर्चीतून उठली नव्हती. "आणि माझी झोप?" तिने हळूच विचारलं.

नातीने पाटी तिच्या मांडीवर ठेवली. "आजी, साहेब कालपासून जागा आहे. डोळे उघडून. शुक्रवारी रात्री तू झोपलीस, काल रात्रीही झोपलीस. मी लिहिलंय बघ. तुझी झोप त्याच्याकडे नाहीये. तुझी झोप एसीमुळे आहे, आणि त्याचं दुखणंसुद्धा एसीमुळेच होतं."

आईने पाटी डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचली. मग फडक्यातल्या कासवाच्या पाठीवर तिने बोट ठेवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते हाताला कसं लागतं हे तिला कळलं. "पुन्हा गार पडायला लागलंय गं," ती म्हणाली. "अठरा दिवस हे थंडीने कुडकुडत होतं आणि मी त्याला हात जोडत होते."

सोमवारी साहेब दवाखान्यात गेला. छातीत कफ निघालाच. सात इंजेक्शनं झाली. टाकी स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली, पाण्यात हीटर आला, दगडावर दिवा आला, आणि साहेबाचं पाणी दोन वेळा मोजायचं काम आजीने कोणाला न विचारता स्वतःकडे घेतलं. तरी दाणे तसेच पाण्यावर तरंगत राहायचे. मुलगी दाणे टाकायची, वाट बघायची आणि काढून घ्यायची. दिवा लावला आणि साहेब टुणकन उठला, असं काही झालं नाही. आजारपण चमत्काराने जात नाही, ते कंटाळवाण्या वेगाने जातं, आणि तेवढा वेळ कोणालातरी रोज पाणी बदलत बसावं लागतं.

अकराव्या दिवशी काकू खाली आल्या. मध्ये त्यांची स्वतःची कंबर धरली होती आणि कोणी नवे एक बंधू पाण्यात बघून दुखणं सांगतात असं त्यांच्या कानावर आलं होतं. "नुसतं बघून यायला काय हरकत आहे?" त्या म्हणाल्या.

"जा की," मिस्त्रीची आई म्हणाली. तिचं लक्ष टाकीतून हललं नाही. "फक्त त्यांना विचार, तुम्ही सांगता ते चुकलं तर कळणार कसं. त्याचं उत्तर मिळालं नाही तर सरळ डॉक्टरकडे जा. आम्ही इथे तीस माणसं बसून एका आजारी जनावराला भविष्य विचारत होतो, आणि ते उपाशी आहे हे एका पोरीशिवाय कोणी म्हटलं नाही. ती म्हणाली तर आम्ही हसलो."

काकू काही बोलणार होत्या, पण तेवढ्यात मुलीने त्यांचा हात धरला आणि तोंडावर बोट ठेवलं. साहेबाने मान पाण्यातून वर काढली होती. त्याने तिघींकडे नाराजीने बघितलं, एका दाण्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि पहिल्या खेपेला त्याचा नेम चुकला. दुसऱ्या खेपेला लागला.

त्याने तो दाणा बराच वेळ चावला. तोवर स्वयंपाकघरात कोणी हललं नाही.